डिस्पॅचकडचा पाहुणा

लग्नाच्या मांडवात शिरणाऱ्याला मोहितेकाका कधी नाव विचारत नसत. "कुणाकडचे? मुलीकडचे की मुलाकडचे?" एवढंच विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत त्याची वाट अडवून उभे राहत. पणजोबा संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते, त्यामुळे ही चौकशी रक्तातच आहे, असं त्यांचं म्हणणं. लहरीपुऱ्याच्या बाजारात रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाईकडे बघूनही त्यांनी मला विचारलं होतं, "ही कुणाकडची रे?"

अशा माणसाच्या हाती पादरा गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या रंगाच्या कारखान्याने देखरेखीचं नवं सॉफ्टवेअर दिलं. कारखान्यात तेव्हा सगळं नुकतंच कंप्युटरवर येत होतं. कंप्युटरमध्ये एकाच वेळी ढीगभर प्रोसेस, म्हणजे लहानमोठी कामं, चालू असतात. त्यांतल्या कुठल्या मिळून पगाराचं काम करतात, कुठल्या डिस्पॅचचं, म्हणजे माल रवाना करण्याचं, हे टेम्प्लेट नावाच्या तक्त्यात भरून द्यायचं. गटातली एक जरी बंद पडली, की पडद्यावर त्या खात्याचा दिवा लाल. डिस्पॅचचा दिवा लाल असला की फाटकातून ट्रक सोडायचा नाही, असा नियम होता.

काकांनी घरचं कार्य असल्यासारखं टेम्प्लेट भरायला घेतले. एकही प्रोसेस परकी राहिलेली त्यांना खपेना. डिस्पॅचचे मॅनेजर शाहसाहेब यांच्या कंप्युटरवर त्यांना अशीच एक सापडली. मी त्यांच्या हाताखाली होतो. म्हणालो, "काका, अहो तो पत्त्यांचा डाव आहे. साहेब तो दिवसभर चालूच ठेवतात, कामाच्या खिडकीआड झाकून."

"पण येतो कुणाबरोबर?"

"डिस्पॅचबरोबर."

"जातो कुणाबरोबर?"

"डिस्पॅचबरोबरच."

"बस त्यारे, झालं तर! मग डिस्पॅचकडचाच की!" असं म्हणून त्यांनी त्याला गटात घेतलं. शाहसाहेबांना याचा पत्ताही नव्हता. ते डाव कधी बंद करत नसत, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले. शाहसाहेब निवृत्तीला टेकलेले, त्यात मुलीचं लग्न तोंडावर. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी शहाण्यासारखा डाव बंद केला, आणि डिस्पॅचचा दिवा लाल झाला. फाटकावर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर भोंगे वाजवू लागले. मोठे साहेब पडद्यासमोर येऊन उभे राहिले. "क्या बंद हुआ है?"

काकांना खोटं सांगता येत नसे. "पत्ते का गेम, साहेब."

"किसका है? जिसका भी हो, वो आज ही घर जाएगा!"

शाहसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मेरा, साहेब. शाहसाहेब जेवायला जाते, तब मैं बैठता हूँ."

काकांना बदाम आणि चौकट यांतला फरक कळत नव्हता. पण भोंगे वाढत होते. "तो खेलो जल्दी!" मोठे साहेब ओरडले. काकांना डाव उघडताही येईना. शेवटी शाहसाहेबांनीच तो मांडून दिला. दिवा हिरवा झाला आणि ट्रक सुटले. मोठे साहेब हुश्श करून खाली बसले आणि त्यांनी काकांना कामावरून काढल्याच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी काकांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. माझा संताप मावत नव्हता. "अहो, निदान सकाळीच तो डाव टेम्प्लेटमधून काढायचात! दोन मिनिटांचं काम होतं."

"माहीत होतं रे," काका स्कूटरला किक मारत म्हणाले. "पण तो पाहुणा मीच बोलावून बसवलेला. त्याला भरल्या ताटावरून कसा उठवू?"

स्कूटर सुरू होईना. मी मागून ढकलत गेलो. ज्याला स्वतःलाच त्या दिवशी भरल्या ताटावरून उठवलं होतं, तो माणूस पुढे बसून मला सांगत होता, "हळू ढकल, दमशील."