वनिता सिस्टरची कात्री

लॅबमधलं रक्त संध्याकाळी पिवळ्या पिशवीतून निघून जातं, किस्से मात्र इथंच राहतात. राळेगावकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी रक्त तपासतो. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचे पेशंट सुरू झाले की किश्शांनाही ऊत येतो. त्यातले काही मी घरी सांगत नाही, कारण बायको मग रात्री लाईट बंद करू देत नाही.

*

लेप्टोचा जंतू बारीक, स्प्रिंगसारखा पिळदार. तो दिसावा म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी एक जुना डार्क-फील्ड मायक्रोस्कोप दुरुस्त करून घेतला. अंदाज किटवर येतो, पक्कं निदान जिल्ह्याला पाठवलेल्या रक्तावरच होतं, ही नुसती साहेबांची हौस. पडदे ओढले आणि काळ्या गोलात चांदीचे धागे वळवळताना दिसले. ज्याचं रक्त, तो म्हातारा शेजारीच उभा. त्यालाही बघायचं होतं. बराच वेळ तो डोळा लावून बसला.

"हे सारे माह्या आंगात हायेत?"

"हो, काका."

"मंग मी कुठं हाय?"

साहेब पडदे उघडायला उठले.

*

शेतात निंदणाला जाणारी एक बाई आली. डोळे लालबुंद, पिंडऱ्यांना हात लावू देईना. साहेबांनी समजावलं, की उंदराचं मूत पाण्यात मिसळतं आणि पायाच्या जखमेतून जंतू आत शिरतो.

"मंग उंदीर मरत नाही काय?"

"नाही, त्याला काहीच होत नाही."

बाईनं पाय वर ओढून घेतले आणि खाटेखाली वाकून पाहिलं. मग मीही पाहिलं.

*

आता आमची वनिता सिस्टर. लेप्टोनं डोळे पिवळे झाले तरी आमच्याकडे लोक आधी काविळीची माळ घालतात. दोऱ्यात गुंफलेल्या काड्यांची ती माळ म्हणे आपोआप वाढते आणि खाली उतरत पायातून निघाली की कावीळ गेली. माळ उतरायची वाट बघत लोक घरी बसतात, आणि इकडे लघवी बंद पडते. म्हणून सिस्टर दारातच कात्री चालवायची. "आधी सुई, मंग तुमची माळ!"

कापलेल्या माळा कचऱ्यात टाकायची शिपाई देवरावची छाती नव्हती. तो त्या मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवायचा. पावसाळाभर तो झुपका वाढत गेला.

*

पेनिसिलिनचा पहिला डोस गेला की काहींना उलट हुडहुडी भरते, ताप चढतो. घाबरलेल्या नातेवाइकांना सिस्टर सांगायची, "ते जंतू मरून राह्यले, तुमचा माणूस नाही."

यंदा क्वार्टरच्या अंगणात पाणी साचलं. सिस्टरच्या टाचेला भेग होती. तिचं रक्त मीच तपासलं. किटवर लेप्टोची दुसरी रेघ उमटली, तशी मी साहेबांना हाक मारली. तोवर तिचे डोळे पिवळे झाले होते आणि लघवी कमी झाली होती. इंजेक्शन दिलं आणि दुपारी तिला हुडहुडी भरली. खाट वाजत होती. तिनं माझं मनगट धरलं.

"भाऊ, मरून कोन राह्यलं? ते, का मी?"

मी तिच्या अंगावर आणखी एक चादर ओढली.

संध्याकाळी तिच्या गळ्यात माळ होती. तिची आई उशाशी बसलेली, तिनंच घातली असणार म्हणून कोणी काही विचारलं नाही. कात्रीला हात लावायची तर कोणाचीच हिंमत नव्हती.

*

इंजेक्शनं चालू राहिली. लघवी सुटली, ताप उतरला. सुट्टी मिळायच्या दिवशी माळ तिच्या पायांशी चादरीवर पडलेली. आईनं मला हात जोडले.

"भाऊ, तुमी माळ घातली, लय उपकार झाले. मी चहा प्याले गेलती तवा."

मी तर घातली नव्हती. मी देवरावकडे पाहिलं. तो सिस्टरच्या पायांकडे पाहत होता. साहेबांनीही नाही म्हणून मान हलवली.

सिस्टरनं माळ उचलली. दोऱ्याला जागोजागी गाठी होत्या. ती एकेक गाठ बोटानं चाचपत गेली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "ह्या तं मी कापलेल्या माळा."