चुकलं म्हणायचं नाय!

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, चहा हातात यायच्या आधी. नंतर ठसका लागला, कप सांडला, कुणाला भाजलं, तर मी जबाबदार नाही. हो, हल्ली मी असंच बोलते! का बोलते तेच सांगायला बसलेय.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या सगळ्यात चूक माझी नव्हती. आमचे हे सांगतील की होती. त्यांचं ऐकू नका.

पेणहून रोह्याकडे जाताना मधेच आत वळलं की आमचं गाव. हे डोलवीला कंपनीत होते, तीस वर्षं शिफ्ट केली, निवृत्त झाले. त्यानंतर मी घरामागे दोन खोल्या बांधून घेतल्या आणि होमस्टे काढला. पडदे मी शिवले, पाटी मी रंगवली, बाथरूमच्या फरशा मी पेणला जाऊन निवडल्या. ह्यांनी काय केलं? ह्यांनी खुर्चीत बसून भविष्य सांगितलं.

"अगो नलू, इथं कोण येणार? मुंबईची माणसं वडखळला वळतात नि समुद्रावर जातात. आपल्याकडं काय हाय?"

"पोपटी हाय!" मी म्हटलं.

पोपटी माहीत नाही तुम्हाला? कमाल झाली! थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, सगळं मडक्यात भरायचं. भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. त्या वासानं माणूस समुद्र विसरतो.

पण पहिल्या वर्षी आले किती, तर मोजून तीन कुटुंबं. मग ह्यांनी फर्मान काढलं. येत्या पोपटीच्या हंगामात खोल्या भरल्या तर ठीक, नाहीतर दोन्ही खोल्यांत खाटा टाकायच्या आणि कंपनीच्या ठेकेदाराला कामगारांसाठी भाड्यानं द्यायच्या. माझ्या पडद्यांना ग्रीसचे हात पुसणार? मी जिवंत असताना? मी म्हटलं, बघतेच कशा टाकता खाटा!

तेवढ्यात आमचे दिगंबर भावजी आले. ह्यांचा चुलतभाऊ, पेणला विम्याचं काम करतात. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की एका होमस्टेत पाहुणा बाथरूममध्ये घसरला आणि घरमालकाला वकिलाची नोटीस आली.

"वहिनी, लायबिलिटी पॉलिसी घ्या," भावजी म्हणाले. "तुमच्या आवारात पाहुणा पडला, धडपडला आणि त्यानं दावा ठोकला, तर निस्तरायला विमा कंपनी उभी राहील."

मला पटलं. फॉर्म भरला, सह्या केल्या.

"आता एक अट नीट ऐका," भावजी म्हणाले. "काही झालं, तर कंपनीला विचारल्याशिवाय आपली चूक कबूल करायची नाही. भरपाई देतो म्हणायचं नाही, कशावर सही करायची नाही."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "चूक कबूल करायची नाय? मग हिला वेगळी पॉलिसी कशाला? लग्न झाल्यापासून हीच अट पाळत्येय ती!"

मला असा राग आला म्हणता! तव्यावर बोंबील होते, मी तणतणत उठले आणि आत गेले. भावजी मागून काहीतरी बोलत होते. मी म्हटलं, समजलं मला, अट काय ती समजली.

नोव्हेंबर संपता संपता पुण्याहून एका मॅडमचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा बारा निवृत्त शिक्षिकांचा गट होता आणि जानेवारीत त्यांना तीन दिवस पोपटीला यायचं होतं. बारा जणी! दोन्ही खोल्या, वर माझी माडीसुद्धा भरली असती! पण मॅडम शिस्तीच्या. म्हणाल्या, आधी मी एकटी येऊन जागा बघेन, मग ठरवू.

मी ह्यांना म्हटलं, "मोजा आता खाटा!"

आमच्याकडे पावसाळा सरला की अंगण नव्यानं करतात. माती टाकायची, चोपण्यानं चोपून सपाट करायची आणि वर शेणाचं सारवण. ह्यांना सिमेंटचे ब्लॉक बसवायचे होते. मी म्हटलं, ब्लॉक बघायला पुण्याची बाई इथवर येईल का? मॅडम मुक्कामाला आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी अंगण सारवलं. त्या उठायच्या आत लख्ख दिसायला हवं म्हणून चांगलं जाड, ओलंगच्च सारवलं. म्हणजे बघा, केलं ते त्यांच्यासाठीच केलं होतं!

साडेसातला मॅडम पडवीतून बाहेर आल्या. हातात डायरी, चेहरा हसरा. "नलिनीताई, अहो एक बातमी..." म्हणत त्यांनी अंगणात पाय टाकला आणि सर्रकन गेल्या! धप्पकन बसल्या त्या थेट सारवणात. डायरी तुळशीपाशी, चष्मा केसांत.

मी धावले. तोंडात शब्द आलेच होते की अगो बाय, चुकलं माझं, ओलं आहे म्हणून सांगायला हवं होतं. कुणीही हेच म्हणेल ना? पण ओठांपर्यंत आले आणि मला अट आठवली. मी शब्द गिळले. पण समोर बाई पडलीय, काहीतरी तर बोलायला हवं. मी म्हटलं,

"मॅडम, तुम्ही बसलात का?"

"बसले नाही हो, पडले!"

"हे तुमचं म्हणणं झालं," मी म्हणाले.

मॅडमनी हात पुढे केला, उठवा म्हणून. मी विचारात पडले. हात दिला तर कबूल केल्यासारखं होईल का? मी हात पदराखाली घेतला आणि मोबाइल बाहेर काढला.

"मॅडम, एक मिनिट हलू नका. जागेचा फोटो घेते."

"माझा? असा?"

"तुमचा नाही, जागेचा. तुम्ही फक्त त्यात आहात."

आवाज ऐकून हे आले. "अगो, पाहुणीला पाडलंस?"

"पाडलं नाही!" मी ओरडले. "कंपनीला विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही!"

"कोणती कंपनी?" मॅडमनी घाबरून विचारलं. त्यांना काय वाटलं देव जाणे. ह्यांनीच त्यांना हात देऊन पडवीत बसवलं. मी भावजींना फोन लावला, तर ते गाडीवर, उचलेनात. मी सात वेळा लावला.

मॅडमचा घोटा मुरगळला होता. फार नाही, थोडा. त्यांनी मागितलं काय, तर गरम पाणी आणि असलीच तर आंबेहळद. माझ्याकडे आंबेहळदीचा डबा भरलेला असतो, पण मी म्हटलं, "हळद लावली म्हणजे मुरगळलं हे मी मान्य केलं असं होतं. थोडं थांबा, फोन लागतोय."

"नलिनीताई, माझा पाय सुजायला तुमच्या फोनची वाट बघणार आहे का?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून हमीदाभाभी आली. आमची शेजारीण. नवरा, मुलगा दोघं कतारला, त्यामुळे आमच्या घरात काय चाललंय याकडे तिचं पूर्ण लक्ष.

"काय झाला गो नलू? कोण पडला?"

"कुणी पडल्याचं अजून ठरलेलं नाही!"

भाभीनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मॅडमचा पाय बघून ती घरी गेली आणि शेकायला कढत मिठाची पुरचुंडी घेऊन सरळ आत शिरली. आधी वाकून तिनं अंगणाला दोन चापट्या मारल्या, लहान पोर पडलं की मारतात ना, तशा. "हात मेल्या अंगणा! पुण्याच्या बायला पाडतोस?"

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. आणि मी? मी काय केलं असेल?

"भाभी, अंगणाला मारू नको!" मी किंचाळले. "अंगण माझ्या नावावर आहे! त्याची चूक म्हणजे माझी चूक झाली!"

भाभी ह्यांच्याकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊ, हिला बरा वाटत नाय का?"

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी डायरी मागून घेतली, एक पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "इथे सही करा."

आली वेळ! मी दोन्ही हात मागे बांधले. "सही करणार नाही. मेले तरी करणार नाही!"

"अहो, वाचा तरी!"

"वाचणारसुद्धा नाही! वाचलं म्हणजे मला माहीत होतं असं होईल!"

मॅडम उठल्या आणि लंगडत खोलीत बॅग भरायला गेल्या. हे पडवीतच उभे होते. मग त्यांनी खिशातून मेजपट्टी काढली आणि दुसऱ्या खोलीचं दार मापायला घेतलं. खाटा आत जातील का ते बघत होते! पण मी मागे हटणार? अट म्हणजे अट.

आणि मग भावजी आले. सात मिस्ड कॉल बघून, कुणाचं काय झालं म्हणून पेणहून सुसाट. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी ताठ मानेनं. शाबासकीच मिळणार होती ना मला! फोटो दाखवला, सही नाकारली ते सांगितलं, हळद नाकारली ते सांगितलं.

भावजींनी हेल्मेट काढून कपाळाला हात लावला. "वहिनी! चूक कबूल करू नका म्हटलं, माणुसकी सोडा म्हटलं का? पुढचं वाक्य काय होतं माझं?"

"पुढचं कुठलं?"

"तुम्ही बोंबील परतायला गेलात तेव्हाचं! मी म्हटलं, पाहुण्याला आधी उचला, औषधपाणी करा, डॉक्टरकडे न्या, मग मला कळवा!"

हे खोलीतून म्हणाले, "मी ऐकलं होतं."

"मग सांगितलं का नाही?" मी कडाडले.

"समजलं, समजलं, म्हणालीस ना तूच!"

भावजी म्हणाले, "आणि वहिनी, तुमची पॉलिसी सुरू होणार एक जानेवारीला. आज सव्वीस डिसेंबर."

म्हणजे बघा. जी पॉलिसी जन्मालाच आली नव्हती, तिची अट मी प्राणपणानं पाळत होते! आता कुणी म्हणेल, लाज वाटली असेल. वाटली. पण मला लाज वाटली की आणखी राग येतो. मी आत गेले, आंबेहळद उगाळली, गरम केली आणि मॅडमच्या खोलीत शिरून त्यांचा पाय सरळ मांडीवर घेतला.

"हे काय आता? कंपनीनं परवानगी दिली?"

"कंपनी गेली खड्ड्यात. पाय हलवू नका."

मी लेप लावत होते आणि मॅडमनी ते डायरीचं पान माझ्या डोळ्यांसमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं, 'बारा जणी, जानेवारी, तीन दिवस, पोपटी. तारीख पक्की. सही.' गटातल्या सगळ्यांचा होकार आदल्या दिवशी आला होता. तीच बातमी सांगायला त्या अंगणात उतरल्या होत्या.

माझ्या हातातली हळद हातातच राहिली.

"मला भरपाई नको, काही नको," मॅडम म्हणाल्या. "तीस वर्षं मी पोरांकडून दोन शब्द म्हणवून घेतलेत. तुम्ही म्हणा, मी तारीख ठेवते."

दारात हे, भावजी आणि भाभी. तिघं कान टवकारून उभे! ह्यांच्या हातात मेजपट्टी तशीच. तुम्ही असतात तर पटकन म्हणाला असतात. तुमचं काय जातंय? मला ते शब्द ओठांबाहेर कधी काढताच आले नाहीत. पण त्या मेजपट्टीकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं.

"चुकलं माझं!" मी इतक्या जोरात ओरडले की मॅडमचा पाय मांडीवरून सटकला. "ओलं होतं आणि मी सांगितलं नाही! चुकलं! झालं समाधान? आणा ती डायरी!"

हे खाली मान घालून मेजपट्टी गुंडाळत होते. नंतर भाभी म्हणाली, भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून हसून आलं असणार.

जानेवारीत बारा जणी आल्या. पॉलिसी तेव्हा जिवंत होती, सगळं नियमानं चाललं होतं. अंगण मी पुन्हा सारवलंच, ब्लॉक बसवून घ्यायला मी काय हरले होते? पण या वेळी भोवती दोरी बांधली आणि तांबड्या अक्षरांत पाटी लावली, 'अंगण ओले आहे. उतरू नये.' बारा जणींना पडवीत बसवून वाचून दाखवली. भावजी, भाभी, सगळे पोपटी खायला हजर. ऊन उतरायच्या आत मागच्या वावरात मडकं तयार झालं. भांबुर्ड्याचा वास असा सुटला की बारा जणी पडवीत उठून उभ्या राहिल्या.

म्हटलं, शेंगा गरमागरम यांच्यासमोर ठेवायच्या. परात उचलली. वावरातून पडवीत यायला घराला वळसा घालावा लागतो. पण घर माझं, अंगण माझं, दोरी मी बांधलेली. मी कशाला वळसा घालू? दोरी ओलांडली.

सर्रकन! धप्प! परात उडाली, शेंगा अंगणभर.

पडवीत बारा शिक्षिका बघत उभ्या. मग मॅडम शांतपणे पुढे आल्या, मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "नलिनीताई, तुम्ही बसलात का? हलू नका हं, जागेचा फोटो घेते."

मी कळवळून ओरडले, "भावजी, पॉलिसी!"

"ती पाहुण्यांसाठी, वहिनी. मालकिणीसाठी नाही."

भाभी धावली. मला वाटलं, उचलायला. तिनं आधी अंगणाला दोन चापट्या मारल्या. "हात मेल्या!"

"मार, भाभी, आणखी मार!" मी म्हटलं. "सगळी चूक त्या अंगणाचीच आहे!"

आणि पडवीतून आमचे हे, शेंग सोलता सोलता म्हणाले,

"अगो, पण अंगण तुझ्या नावावर हाय ना?"