डिकीत झोपणारे चाचा

जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी मला फसवले आणि धुळ्याच्या पत्रेवाल्या चाचांचे हात घेतले. आधीच लिहून ठेवतो, कारण जळगावात ही गोष्ट उलटी सांगितली जाते.

धुळ्याच्या मोटारस्टँडवर चाचा प्रसिद्ध होते ते त्यांच्या तपासणीमुळे. गंजलेली मोटार आली की हा सहा फुटी म्हातारा भर उन्हात तिच्या डिकीत अंग मुडपून झोपायचा आणि आतून ओरडायचा, "लाव झाकन!" अंधार झाला की पत्र्याची बारीक भोके आतून उजळत. चाचा त्यांना चांदण्या म्हणत. बाहेर येऊन दाढी झटकत निकाल देत, "तुनी डिकीमा पुरं आभाय शे, भाऊ."

मी त्याच स्टँडवर मोटारी धुऊन मोठा झालो. स्वातंत्र्यानंतर जळगाव-धुळे भाड्याची मोटार चालवू लागलो. भाव पाडल्याशिवाय मी मिठाची पुडीही घेतलेली नाही. चाचांकडे मात्र घासाघीस केली की मजुरी वाढायची. एकदा घाईत होतो, म्हणालो, "वरून रंग मारा आणि सोडा."

"तोंड न धोता पावडर लावस का तू? मंग डिकीले कसाले लावू?"

माझा आवाज चढला, त्यांचा त्याहून. पुन्हा तोंड पाहणार नाही, असे दोघांनी जाहीर केले आणि संध्याकाळी एकाच बाकावर चहा प्यायलो.

जुना रंग ते बत्तीच्या ज्योतीने सोलत आणि गंज काचकागदाने घासत, पत्रा पांढरा पडेपर्यंत. मग रॉकेलने पुसत, ज्योत फिरवून कोरडा करत आणि जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावत. "चाचा, मारुतीचा शेंदूर डिकीला?" असे मी चिडवले की म्हणत, "दोन्ही उघडावर ऱ्हातस ना, भाऊ!" सावद्याच्या कोणी उतारूने डिकीतून केळीचा ओला घड काढला की त्याच्यावर धावून जात. "मांडीवर घेवाले काय झायं व्हतं तुले?"

शेठजींनी आपली जुनी मोटार विकायला काढली, तेव्हा मी चाचांना जळगावला घेऊन गेलो. डिकीत जाड गालिचा चिकटवलेला होता. चाचा आत झोपले. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"इतली जुनी गाडी, आनि एकबी चांदनी नही? गालिचा उपटू द्या, शेटजी."

शेठजी हसले. "घेतल्यावर उपटा ना, चाचा! खाली नवा पत्रा टाकलाय." आणि पेढीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीला हात लावून त्यांनी शपथ घेतली.

"देवनं नाव लिधं त्यासनी," चाचा मला हळूच म्हणाले. "आते बस झायं."

सौदा झाला. धुळ्याला, देवपुरातल्या चाचांच्या दुकानी आम्ही गालिचा उपटला. खाली गुळगुळीत करडा रंग होता. चाचांनी बोटाने ठोकले, आवाज मेलेला आला. रंग सोलायला त्यांनी नेहमीसारखी ज्योत लावली. रंगाखाली नवा पत्रा नव्हता. डांबरात बुडवलेला गोणपाट होता आणि त्याखाली गंजलेल्या पत्र्याची चाळण. गोणपाट भडकला.

पेट्रोलची टाकी डिकीच्या बरोबर खाली. मी ओरडलो, "चाचा, पळा!" ते पळाले नाहीत. दुकानाला लागूनच त्यांच्या मुलीचे, जमीलाचे घर, पुढे सगळी गल्ली. त्यांनी पेटता गोणपाट दोन्ही हातांनी ओढून काढला आणि रस्त्यात फेकला. जळते डांबर बोटांना चिकटले ते सुटेना. मी वाळू ओतत राहिलो. मोटार वाचली, गल्ली वाचली. चाचांची बोटे एकमेकांना चिकटली ती कायमची. हातोडी गेलीच, घासही जमीला भरवू लागली.

मी जळगाव गाठले. शेठजी गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. "तपासायला माणूस तुमचाच होता ना? ज्योतही त्यानेच लावली. म्हातारा बेफिकीर, त्याला मी काय करू?" हेच ते बाजारभर बोलले, आणि ते धुळ्यापर्यंत पोचले.

त्यानंतर मी भेटलो की चाचा विचारत, "भाऊ, मनीच चूक व्हती का रे?"

"नाही! किती वेळा सांगू?" मी ओरडायचो.

"तू मना दोस्त शे. तू असंच सांगशी."

ज्यांच्याशी भांडताना मी कधी जिंकलो नाही, त्या माणसाला एवढी एक गोष्ट मला पटवता आली नाही. चाचा गेले तेही हेच विचारत. आता जमीला विचारते.

तेव्हा शेठजी, तुम्ही देवपुरात जमीलाच्या दारात या. तो गोणपाट कोणाच्या हुकमाने चिकटवला, ते तिच्यासमोर बोला. न्यायला मोटार मी पाठवतो. तुम्ही तिच्यात बसला नाहीत, तर मी तुमच्या पेढीवर येऊन बसेन, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.