दहा फूट सहा इंच

बाबांची दोन फुटी लोखंडी पट्टी दिवसा ग्रिलवर चालायची आणि संध्याकाळी आमच्या पाठीवर.

वाडीला अमरावती रोडवर आमचं वेल्डिंगचं दुकान, मागे दोन खोल्या. मी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होते. एका रविवारी बाबांनी फर्मान काढलं, "तुह्या त्या डब्ब्यानं माह्या धंद्याचं एक काम करून दाखव. नाही तं उद्यापासून कॉलेज बंद. लग्न लावून टाकतो."

माझाही राग नाकावर. म्हटलं, बघाच आता. नुकताच शिकलेला प्रोग्राम लिहिला. लांबी विचारायची, रुंदी विचारायची, गुणाकार करून स्क्वेअर फूट सांगायचे. चार ओळींचा मामला. मोठ्या तोऱ्यात बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं.

त्या दिवशी दहा फूट सहा इंच बाय चार फुटांचं ग्रिल होतं. त्यांनी एका बोटानं टाकलं, १०.६. खडूनं ते तसंच लिहायचे, टिंबाच्या पुढे इंच. मग ४. उत्तर आलं ४२.४.

"बेचाळीस पाहिजे," बाबा म्हणाले.

"बाबा, त्याले इंच नाही समजत. त्याच्यासाठी ते दहातले सहा, बारातले नाही. तुम्ही साडेदहा टाका ना."

"म्हणजे मी गाढव?"

पहिला वार माझ्या बोटांवर, कीबोर्डवरच. दोन बटणं उडाली. "अहो, पोरगी हाय!" म्हणत आई मधे आली, तर दुसरा तिच्या कानशिलावर. "तूच लाडावून ठेवली!" तिच्या कानामागून रक्त आलं.

माझं डोकंच फिरलं. तिसऱ्या वाराला मी पट्टी धरली. कड तळहातात रुतली, तरी सोडली नाही. हिसका मारून ओढून घेतली आणि हाणली. खांद्यावर, मग दंडावर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अजून हाणायची होती. बाबा दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीशी खाली बसले. हुबेहूब आई बसायची तसे.

"आण इकडं," आई म्हणाली. पट्टी घेऊन दुकानात गेली. कटर सुरू झाला, ठिणग्या दारापर्यंत आल्या. परत आली ती टोपल्यात तुकडे घेऊन. ते बाबांच्या पायाशी ओतले.

"उद्या पोरगी कॉलेजात जाईल. अन् यापुढं हात उचलला तं पोलिसात मी जाईन."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन मी प्रोग्राम सुधारला. आता तो फूट वेगळे विचारतो, इंच वेगळे. सकाळी आईनं मला सोबत नेऊन बाजारातून कापडी टेप आणला होता. बाबांनी त्यानं ग्रिल मोजलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "दहा फूट. सहा इंच. रुंदी चार." चिंधी बांधलेल्या हातानं मी टाकलं. बेचाळीस आले.

"बराबर हाय," बाबा म्हणाले.

टेप घेताना आईनं दुकानदाराला माप, किंमत काहीच विचारलं नव्हतं. गुंडाळी सोडून तिनं तो आपल्याच मनगटावर दोनदा मारून पाहिला होता.