टाके किती पडले?

डिसेंबर १९९८, सोमवार सकाळ, मिरजेचं हॉस्पिटल. हजर: मी, माझी थोरली जाऊ आणि मुंबईहून रजा काढून आलेले तिचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर. गैरहजर: माझे यजमान, ऑफिसात तपासणी होती. सामान: थर्मास, चादर, आधीच्या दोन ऑपरेशनांचे कागद.

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्या माण तालुक्यात गावी, आम्ही सांगलीत विश्रामबागला, त्यामुळे घरातली सगळी आजारपणं आमच्याकडे उतरतात. गर्भाची पिशवी काढली त्या जागी अक्कांना हर्निया झाला होता. साताऱ्याला तो एकदा शिवून झाला, दोन वर्षांत परत वर आला. आता दुर्बिणीतून जाळी बसवायची होती.

"दाराला डासांची जाळी लावत्यात तशी?" अक्कांनी डॉक्टरांना विचारलं.

"तशीच. फक्त तुमचं मांस तिच्यात रुजायला पाहिजे. पाडव्यापर्यंत भरलेली कळशी उचलायची नाही. हेही फाटलं तर पुढचं काम अवघड आहे."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी अक्का चालत बाथरूमला गेल्या. साताऱ्याच्या वेळी आठवडाभर कूसही बदलता येत नव्हती, म्हणून मला हायसं वाटलं. पंधरा दिवस आमच्याकडे ठेवून मीच त्यांना गावी पोचवलं. दीर केव्हाच मुंबईला परतले होते.

गावात आजाऱ्याला बघायला येणाऱ्या बायका बिस्किटाचा पुडा ठेवतात आणि पहिलं विचारतात, टाके किती पडले? त्यावरून दुखणं केवढं ते ठरतं. मागच्या वेळी अक्कांच्या पोटावर वीतभर शिवण होती, तेव्हा शेजारणींनी महिनाभर पाणी भरून दिलं होतं. आता लुगडं जरा सरकवून त्यांनी दाखवलं, तर कडेला तीन बारीक खुणा.

"एवढंच?" शेजारची म्हातारी म्हणाली. "आमच्या म्हशीला यापरीस मोठा टाका पडला हुता."

"आवं, आतनं जाळी हाय," अक्का म्हणाल्या.

"आसंल बाई. आतलं कुणी बघितलंय."

सगळ्या हसल्या, अक्काही हसल्या. मी डॉक्टरांचं सांगणं पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवलं, चहा केला आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

पाणी कुणीच भरून दिलं नाही. टँकरचा पाइप कोपऱ्यावरच्या बॅरलपर्यंतच पोचतो, तिथून घरापर्यंत हंडे वाहायचे. चार दिवस अक्कांनी लोकांच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच हंडा उचलला.

संक्रांतीनंतर त्या एकट्याच आमच्या दारात उभ्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "परत आलंय गं. त्याच जागी." मी हात लावून पाहिलं. लिंबाएवढा मऊ फुगवटा होता. चहा टाकला, यजमानांना ऑफिसात फोन केला, रिक्षा बोलावली. तिसऱ्यांदा हे सगळं पुन्हा करायचं या विचारानेच माझे खांदे उतरले होते. रिक्षात अक्का पदराखाली पोट धरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांना खोकायला लावलं, दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली. "जाळी जागेवर आहे. हर्निया होता त्या मोकळ्या जागेत पाणी साठलंय. बऱ्याच जणांना साठतं, ते आपोआप जिरेल. सुई घालायची गरज नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हंडे बंद झाले का?"

अक्का खाली बघत म्हणाल्या, "डाक्तर, तुमी एक मोठा टाका घातला असता तर झाले असते."

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

फुगवटा पाडव्याच्या आत जिरला. अक्कांना दुखत नाही, खोकताना पोट धरावं लागत नाही. हंडे मात्र चालूच आहेत. मी लांब पाइप आणला, म्हणजे बॅरल अक्कांच्या परसात ठेवून टँकरवरून थेट भरता येईल. तो गावी नेऊन बसवायचं काम दिरांनी घेतलं. आधी ते होळीला येणार होते, मग मेमध्ये.

पाइपचं वेटोळं आमच्या गॅलरीत आहे. कपडे वाळत घालताना रोज पायात येतं. अक्कांच्या गावाकडे जाणाऱ्या दहिवडीच्या गाडीवर ते चढवायचं राहिलं आहे.