गणू हवालदारांची इटली

गणू हवालदार माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते भर वर्गात. मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो. दारात डोक्याला मुंडासं, अंगात पलटणीची जुनी खाकी आणि ओठांवर भरघोस मिशी असा एक माणूस ताठ उभा राहिला आणि कवायतीच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, इटलीला जायचा अर्ज कुटं करायचा?"

पोरं फिदीफिदी हसली.

"हसू नका रं," हवालदार त्यांच्याकडे वळून म्हणाले. "मी जाऊन आलोय. आता परत चाललोय."

यात थट्टा नव्हती. कर्जतजवळच्या कोंडाण्याचे हे हवालदार लढाईत इटलीच्या डोंगरात होते. मांडीत गोळी लागून ते आणि त्यांच्या पलटणीतला आणखी एक गडी मागे राहिले, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकरणीने दोघांना अकरा दिवस तळघरात दडवलं होतं. वर जर्मन शिपाई जेवत, खाली हे दोघे शिंक दाबून बसत. त्या म्हातारीला एकदा भेटून यायचं, एवढंच हवालदारांच्या डोक्यात होतं. स्वराज्य आलं, पलटणीतून सुटताना मिळालेला पैसा गाठीला होता, आणि पासपोर्टही हातात पडला होता. राहिला होता व्हिसा.

त्यांची बायको भागीवहिनी मला म्हणाल्या, "मागल्या टायमाला सरकारनं धाडला व्हता, म्हणून मी गप बसले. आता सोताच्या खर्चानं चाललाय. येडा म्हणू नको तर काय म्हणू, गुरुजी?"

अर्ज इंग्रजीत होता. हवालदारांच्या ओटीवर बसून मी एकेक रकाना वाचायचो आणि ते तत्परतेने उत्तर द्यायचे.

"प्रवासाचा हेतू?"

"बगायला. मागल्या टायमाला सगळं पालथं पडून बगितलं. आता उभं राहून बगायचंय."

मी 'पर्यटन' लिहिलं.

"पूर्वी गेला होतात का? कोणत्या परवान्यावर?"

"बंदुकीच्या."

मी तो रकाना कोरा सोडला, तर रागावले. "कोरं कशाला? मी काय चोरून गेलो नव्हतो. तोफा वाजवत गेलो व्हतो."

खरी पंचाईत पुढे होती. उतरण्याचा पत्ता? हवालदारांना गावाचं नाव ठाऊक नव्हतं. पलटणीच्या नकाशात टेकडीला नुसता आकडा होता. म्हातारीचं नाव विचारलं तर म्हणाले, "मम्मा."

मुंबईला इटलीच्या वकिलातीत जायच्या दिवशी मी लग्नातला कोट चढवला आणि गाडीत कर्जतपासून इंग्रजी वाक्यं घोकत बसलो. टेबलामागे एक टकले, घामेजलेले इटालियन साहेब होते. मी घसा खाकरून पहिलं वाक्य सोडलं. तेवढ्यात हवालदार मध्येच हिंदीत सुरू झाले आणि साहेब चक्क हिंदीतच उत्तरले! लढाईत पकडले गेल्यावर हिंदुस्थानातच चार वर्षं कैदेत होते म्हणे.

"मैं भी बिना व्हिसा के आया था," साहेब म्हणाले.

"खाना कैसा था?" हवालदारांनी पाहुण्याची विचारपूस करावी तसं विचारलं.

"दाल. चार साल दाल."

"माफ करना," हवालदार मनापासून म्हणाले.

माझी इंग्रजी कोटाच्या खिशातच राहिली.

पण पत्त्याच्या रकान्यापाशी साहेब थांबले. पत्त्याशिवाय शिक्का मारता येणार नाही, म्हणाले. हवालदारांचा चेहरा उतरला. तो ताठ माणूस खुर्चीत वाकलेला मी तेव्हाच पाहिला. मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि एका कागदावर नदी, मोडका पूल, अर्ध्यातून उडालेला देवळाचा मनोरा, वर चढणारी वळणं, सगळं रेखून टोकाला एक ठिपका दिला. "मम्मा इधर."

पलटण कोणत्या नदीवर लढली ते विचारून साहेबांनी कपाटातून मोठा नकाशा काढला. त्या नदीकाठची गावं ते एकेक करून वाचत गेले आणि हवालदार डोळे मिटून ऐकत राहिले. आठव्या-नवव्या नावाला ते ओरडलेच, "ह्येच! ह्याच नावानं म्हातारी रोज शिव्या घालायची. शेजारचं गाव हाय!"

साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावला. नकाशात त्याला लागूनच मम्माचं गाव सापडलं, रकाना भरला. परत येणार याची खात्री काय, असं त्यांनी रिवाज म्हणून विचारलं. हवालदार म्हणाले, "भाताच्या आवणीला मैं नहीं आया, तो मेरी औरत इधर आयेगी." साहेबांनी लगेच महिन्याभराचा शिक्का मारला.

होळीनंतर हवालदार बोटीने गेले आणि पावसाच्या आधी परत आले. आता त्यांना देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. पण ते आल्यावर आमच्या घरी चहाला बसले होते, ती दुपार मी विसरलेलो नाही.

"मम्मा भेटली?"

"भेटली. पर वळखलं नाय. मिशी बगितली आणि लाकूडच उचललं."

"का?"

"आमच्या बरोबरच्या गड्यालाबी अशीच मिशी व्हती. त्यानं तिची अंड्यावरची कोंबडी मारली व्हती. तिला वाटलं, त्योच मी."

बाजू मांडायला हवालदारांकडे भाषा नव्हती. त्यांनी बोलणी खाल्ली, कुदळ उचलली आणि पंधरा दिवस म्हातारीचा द्राक्षमळा खणला. गोठ्याची पडलेली भिंत रचून दिली. गावाने त्यांचं नावच 'कोंबडीचोर' ठेवलं आणि निघायच्या दिवशी त्याच नावाने हाका मारत सगळं गाव पुलापर्यंत पोचवायला आलं. म्हातारीने आधी गालावर एक थापट दिली, मग दोन्ही गालांचे मुके घेतले.

मला राहवेना. "हवालदार, एवढे समुद्र ओलांडून गेलात आणि चोर ठरून आलात! खुणेनं तरी सांगायचं होतं, की मी तो नव्हे."

हवालदारांनी बशीतला चहा सावकाश संपवला आणि मिशी पुसली.

"कसं सांगू, मास्तर? मारली त्यानं, पर तंगडी मी खाल्ली व्हती."