ओला माल

काल नर्सरीत संत्र्याच्या कलमा बघताना मी एक पान अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं. नर्सरीवाला हसला, "काकू, कापड घेऊन राह्यल्या का?" पानाचा तो झणझणीत वास नाकात शिरला आणि मी थेट पुलगावच्या आमच्या परसात पोचले.

बाबांचं कापडाचं दुकान. शेतीशी काही संबंध नाही. आष्टीच्या बाजारातून त्यांनी तीन कलमा आणल्या होत्या. मुळांना माती नाही, नुसता चिखलाचा लेप आणि वर ओलं पोतं. ओल बघताच त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. आई विहिरीवरून आली, तेव्हा मुळं धुऊन पुसून खाटेवर उन्हात वाळत घातलेली!

"अवो, मुळं काऊन वाळवून राह्यले? कापडाचं थान आहे का ते?"

"ओल्या मालाले बुरशी चढते," बाबा ठामपणे म्हणाले.

आईनं कपाळावर हात मारला, मुळं शेणकाल्याच्या बादलीत बुडवली आणि कलमा लगेच खड्ड्यांत लावल्या. दोन कलमा वाळल्याच. तिसरीला महिन्याभरानं पालवी फुटली. बाबांनी ते इवलंसं पान बोटांत चोळलं, वास घेतला आणि आईकडे न बघता म्हणाले, "माल पक्का आहे."

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता वाटतं, आईचे आभार मानायची बाबांना तेवढीच रीत ठाऊक होती.

मी नर्सरीवाल्याला म्हटलं, "माल पक्का आहे भाऊ. पण कलमा बांधताना पोतं ओलंच राहू देजा."